ऑक्सिजन म्हणजे थेट थर्मामीटर नव्हे

फोरामिनिफेरांवरचा, म्हणजे समुद्रातल्या कवचधारी एकपेशीय सूक्ष्मजीवांवरचा, तुमचा लेख आवडला, पण त्यांच्या कवचातल्या ऑक्सिजनवरून ‘समुद्राचं तापमान थेट कळतं’ हे वाक्य खटकलं. थेट नाही कळत. कवचातलं जड आणि हलक्या ऑक्सिजनचं प्रमाण तापमानावर अवलंबून असतं, तसंच ते मुळात समुद्राच्या पाण्यात किती आहे यावरही. हिमयुगात हलका ऑक्सिजन-१६ जमिनीवरच्या बर्फात अडकून पडतो आणि समुद्रात जड ऑक्सिजन-१८ चं प्रमाण वाढतं. खारटपणाचाही परिणाम होतोच. म्हणून त्याच कवचातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचं गुणोत्तर वेगळं मोजतात. त्यावरून तापमान काढलं की उरलेला हिशोब बर्फाचा आणि क्षारतेचा.

आणि आपल्या अरबी समुद्राचा उल्लेखच नाही, याचं वाईट वाटलं. ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही फोरामिनिफेरांची जात खरं तर थंड पाण्यातली. पण नैऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्यालगतचं पाणी दूर लोटतात, खालचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि उष्ण कटिबंधातही ती भरभरून वाढते. वारा जोराचा, तर गाळात तिची कवचं जास्त! १९८७ मध्ये ओमानजवळ समुद्रतळातून काढलेल्या गाळावरून भूवैज्ञानिक अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की उत्तर अटलांटिक थंडावला तेव्हा हे वारेही मंदावले होते. वाळूच्या कणाएवढ्या कवचांतून एवढं कळतं, याचं मला अजून नवल वाटतं.

मात्र ही नोंद वाऱ्याची आहे, कोकणात किती पाऊस पडला याची नाही. गोव्यात दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही फोरामिनिफेरांवर काम झालं आहे, त्यावर पुढचा लेख लिहाल का?