बूस्टर लावला की शेजाऱ्यालाही रेंज? उलट आहे, आत्या

ढेबेवाडीच्या आत्याकडून एक फॉरवर्ड आलं. मजकूर थोडक्यात असा: "टॉवर कंपन्या लपवतात ते गुपित! २,९९९ रुपयांचा सिग्नल बूस्टर घ्या, गच्चीवर अँटेना लावा, जुन्या डिशची केबल जोडा. पाच मिनिटांत घरात फुल काड्या. सगळी सिम चालतात, ५जीसुद्धा. सरकारमान्य, जीएसटी बिल मिळेल. शेजाऱ्यांनाही फायदा. तोवर मोबाइल पितळी तांब्यात ठेवा, दोन काड्या वाढतात." खाली आत्याचा प्रश्न: "भरू का पैसे?"

भरू नकोस. आणि हेच फॉरवर्ड पार जतपर्यंतच्या ग्रुपांवर फिरतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात "शेजाऱ्यांनाही फायदा" इथून करू, कारण यात सगळ्यात जास्त नुकसान आहे. बूस्टरच्या डब्यात दोन वाटा असतात. एक टॉवरकडून फोनकडे, दुसरी फोनकडून टॉवरकडे. मेसेज लिहिणाऱ्याला फक्त पहिली माहीत आहे. दुसरी वाट चोवीस तास उघडी असते. घरात कुणी बोलत नसलं तरी डबा स्वतःच्या सर्किटमधली खरखर ६०-६५ डेसिबलने वाढवून टॉवरच्या दिशेने फेकत राहतो. ६० डेसिबल म्हणजे दहा लाख पट. तिकडे टॉवरचा रिसीव्हर काय ऐकायला बसलाय? ४जी फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॅटने बोलतो आणि डोंगर-झाडी ओलांडून टॉवरपाशी पोचेपर्यंत त्याचा दोन लाख कोटींवा हिस्सा उरला तरी टॉवर तो पकडतो. इतक्या हळू आवाजाकडे कान लावून बसलेल्याच्या कानाशी कुणी सतत खरखर लावली तर काय होणार? टॉवर जितका जवळ आणि समोर, तितका त्रास जास्त. आधी तुटतात ते त्या टॉवरचे सगळ्यात लांबचे लोक. म्हणजे पलीकडच्या उतारावरची वाडी, जिथले फोन आधीच पूर्ण ताकदीने ओरडत असतात. तिथून १०८ लावणाऱ्याचा कॉल लागत नाही, आणि का लागत नाही हे त्याला कधीच कळत नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे डब्याचं शिट्टी मारणं. उत्सवात माइक स्पीकरसमोर गेला की जी किंचाळी उठते, तीच गोष्ट रेडिओलहरींत होते. आतल्या अँटेनाने सोडलेला सिग्नल गच्चीवरच्या अँटेनाला ऐकू येतो, तो पुन्हा वाढवला जातो, पुन्हा ऐकू येतो. हे टाळायचं तर दोन अँटेनांमधला अडसर (एकाचा सिग्नल दुसऱ्यापर्यंत पोचताना किती घटतो ते) डब्याच्या गेनपेक्षा (डबा सिग्नल किती वाढवतो ते) निदान १५ डेसिबलने जास्त हवा. गेन ६५, तर अडसर ८०. आता आपल्या घराचा हिशेब करा. ९०० मेगाहर्ट्झला तीन मीटर अंतराचे साधारण ४१ डेसिबल, आरसीसी स्लॅबचे १५ ते २०. झाले साठच्या आसपास. अँटेनाची पाठ घराकडे नीट फिरवली तर आणखी थोडे मिळतात, पण कौलारू घरात स्लॅबच नसतो, तिथे तेवढेही नाहीत. चांगल्या यंत्रात शिट्टी ओळखून गेन आपोआप उतरवायची सोय असते. या २,९९९ वाल्यांत ती असेल या भरवशावर राहू नका. असा डबा एकदा बोंबलायला लागला की टॉवरचं त्या बाजूचं अख्खं सेक्टर (त्या दिशेचा सगळा भाग) आंधळं होतं आणि लावणाऱ्याच्या फोनवर मात्र काड्या फुल दिसतात.

कारण काड्या दाखवतात फक्त टॉवरकडून येणारी ताकद. तुमचा आवाज तिकडे पोचतोय का, हे त्यात नसतंच. शिवाय डबा सिग्नलबरोबर गोंगाटही तितकाच वाढवतो, त्यामुळे सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर होतं तिथेच राहतं किंवा थोडं घसरतं. म्हणून "काड्या पाच, पण समोरच्याला ऐकूच जात नाही" ही तक्रार येते. खरी ताकद बघायची तर अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, मग सिम स्टेटस, तिथे डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं माप) आकडा असतो. उणे ८० ते ९० उत्तम, उणे १०५ च्या पुढे रडारड, उणे ११५-१२० ला कॉल तुटणारच. गच्चीवर उणे ९५ आणि माजघरात उणे ११८ असेल, तर दोष भिंतींचा आहे. गच्चीवरही "नो सर्व्हिस" असेल, जशी कोयनेच्या खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी गत आहे, तर बूस्टर वाढवणार काय? शून्याला दहा लाखांनी गुणून शून्यच.

"सरकारमान्य." हे चक्क खोटं आहे. दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये लोकांसाठी जाहीर सूचना काढली. परवानाधारक मोबाइल कंपन्या सोडून कुणाही व्यक्तीने किंवा संस्थेने सिग्नल रिपीटर किंवा बूस्टर बाळगणं, विकणं किंवा वापरणं बेकायदा आहे, असं त्यात सरळ लिहिलंय. यापुढे वाद संपायला हवा. जीएसटी बिल म्हणजे कर भरल्याची पावती, वापरायचा परवाना नव्हे. ऑनलाइन मिळतो म्हणून चालतो, हेही तसलंच. आणि सापडत नाही असंही नाही: रिसीव्हरचा गोंगाट वाढला की कंपनीला तो दिसतो, आणि दिशा शोधणारी यंत्रं घेऊन माणसं घरापर्यंत येतात.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. बूस्टर ही थाप नाही, यंत्र खरं आहे. अमेरिकेत २०१३ च्या नियमांनुसार घरगुती बूस्टरला परवानगी आहे, पण प्रमाणित मॉडेलच, आणि ते आपल्या मोबाइल कंपनीकडे नोंदवून. म्हणून तिकडचे व्हिडिओ खरे वाटतात. भाच्याने तिकडून डबा आणला तरी इथे तो बेकायदाच, वर त्यातले बरेचसे बँड (रेडिओलहरींचे पट्टे) आपल्याकडे चालतच नाहीत.

"सगळी सिम, ५जीसुद्धा" हे दोन वाक्यांत निकालात निघतं. स्वस्त डबे ९००, १८०० आणि २१०० मेगाहर्ट्झचे असतात. ८५० आणि २३०० वरचं ४जी किंवा ३३०० वरचं ५जी त्यांच्यातून जातच नाही. उलट ८५० च्या बँडमध्ये टॉवर ८६९ ते ८९४ वर बोलतो आणि ९०० च्या बँडमध्ये फोन ८८० ते ९१५ वर बोलतात, त्यामुळे ढिसाळ फिल्टरचा डबा एका कंपनीच्या टॉवरचा आवाज फोनचा समजून दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर फेकतो.

डिशच्या केबलबद्दल मेसेज लिहिणारा योगायोगाने फारसा चुकलेला नाही. डिशची आरजी-६ केबल ७५ ओहमची आणि डबा ५० चा, पण त्याने फार बिघडत नाही. दहा मीटरला ९०० मेगाहर्ट्झवर सुमारे दोन डेसिबल जातात. डब्याबरोबर येणारी बारीक काळी आरजी-५८ मात्र २१०० ला तेवढ्याच लांबीत आठेक डेसिबल खाते.

पितळी तांब्या. धातूच्या भांड्यात ठेवलेल्या फोनची रेंज घटते. वाढतो तो रिंगचा आवाज, भांड्यात घुमून. समज बहुधा तिथूनच आला असावा.

मग करायचं काय? घरात ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या इंटरनेटवरून कॉल, आणि तेही फुकट. सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर जाऊन ते चालू करा; दोन सिम असतील तर दोन्हींचं वेगळं. बरेच जण इथवर येतात आणि "चालत नाही" म्हणून सोडून देतात. कारण अर्ध्या काडीची रेंज असली की फोन टॉवरला चिकटून राहतो. पर्याय दिसत असेल तर "वाय-फाय प्रिफर्ड" निवडा, नसेल तर एअरप्लेन मोड लावून वाय-फाय परत चालू करा. वर वाय-फाय कॉलिंगचं चिन्ह आलं की कॉल लावून बघा. तरीही लागत नसेल तर राउटर बघा: तुमचा फोन मोबाइल कंपनीपर्यंत यूडीपी ५०० आणि ४५०० या पोर्टांवरून (इंटरनेटवरच्या ठरलेल्या दारांतून) बोगदा काढतो, आणि काही राउटरवर तो अडतो. राउटरच्या सेटिंगमध्ये आयपीसेक पासथ्रू (हा बोगदा जाऊ देणारी सोय) चालू करा किंवा केबलवाल्याला करायला सांगा. कॉलला डेटा फार लागत नाही. सुमारे १०० केबीपीएस पुरे, पण लाइन स्थिर हवी. लाइट गेली की राउटर बंद आणि कॉलही बंद, म्हणून त्याला छोटा यूपीएस लावा. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून तेवढ्याच व्होल्टचा घ्या, बहुतेक १२ व्होल्टचे असतात. ११२ लावताना मात्र पत्ता तोंडाने सांगा, वाय-फायवरून ठिकाण चुकू शकतं.

ब्रॉडबँड नसेल तर सिमवाला ४जी राउटर. फोन हातात घेऊन घरभर फिरा, खिडक्या, माळा, जिना, आणि जिथे डीबीएमचा आकडा सगळ्यात बरा येतो तिथे राउटर ठेवा. पत्र्याखाली नको, लोखंडी कपाटाजवळ नको. त्याचं वाय-फाय खालच्या दगडी भिंतींतून पोचत नसेल तर लॅन केबल खाली आणा आणि तिथे दुसरा वाय-फाय राउटर लावा. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, आणि त्यात सिग्नल वाढवायची गरजच पडत नाही. राउटरमध्ये सिम कुठल्याही कंपनीचं चालेल, वाय-फाय कॉलिंग फोनमधल्या सिमचं होतं. सिम घ्यायच्या आधी शेजारच्या दोन-तीन घरांतले वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन त्याच जागी धरून आकडा बघा.

आणि अख्ख्या वाडीलाच रेंज नसेल तर आपल्या मोबाइल कंपनीच्या १९८ या तक्रार नंबरवर तक्रार नोंदवून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) लिहून ठेवा. "रेंज नाही" एवढंच सांगितलं तर तक्रार बंद करून टाकतात. गाव, पिनकोड, घराच्या बाहेरचा आणि आतला डीबीएमचा आकडा, दिवसातली वेळ, हे सगळं द्या, आणि एकाने नाही, पाच-दहा घरांनी द्या. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत जाता येतं, डॉकेट नंबर तेव्हा लागतो.