रुई बार्बोझांनी नेमकं काय जाळलं?

‘ब्राझीलच्या अर्थमंत्र्याने एका सहीनिशी गुलामगिरीचे सगळे कागद जाळले, मालकांची पापं झाकली आणि तिथल्या कृष्णवर्णीयांचा इतिहासच पुसून टाकला.’ हा मजकूर दर काही महिन्यांनी नव्याने फिरतो. आदेश खरा आहे. १४ डिसेंबर १८९० रोजी त्यावर सही करणारे रुई बार्बोझा हे ब्राझीलमधल्या बाहिया प्रांताचे वकील आणि नव्या प्रजासत्ताकाचे पहिले अर्थमंत्री. पण बाकीचं वाक्य तपासून घ्यायला हवं.

आधी ‘मालकांची पापं’. १३ मे १८८८ ला ब्राझीलने सात लाखांहून अधिक गुलाम मुक्त केले आणि मालकांना एक छदामही दिला नाही. तेव्हापासून मालक भरपाईसाठी सरकारच्या मागे लागले होते. त्यांच्या हातात पुरावा कोणता, तर सरकारी नोंदवही! १८८५ च्या कायद्याने गुलामांची नव्याने नोंद झाली आणि वयानुसार कमाल किंमतही ठरली: तिशीच्या आतला पुरुष ९०० मिलरेईस (तेव्हाचं ब्राझीलचं चलन), पंचावन्न ते साठ वयाचा २००, आणि बाईची किंमत त्याहून पाव भाग कमी. म्हणजे मालकाने फक्त बेरीज करून बिल पुढे सरकवायचं. माजी मालकांना भरपाई देणारी बँक काढू द्या, असा अर्ज अर्थखात्याकडे आला, तेव्हा ११ नोव्हेंबर १८९० ला बार्बोझांनी तो फेटाळला. तिजोरीवर बोजा न टाकता माजी गुलामांनाच भरपाई देण्याचा मार्ग सापडला तर ते अधिक न्याय्य होईल, असा शेराही मारला. त्यानंतर सुमारे महिनाभराने जाळण्याचा आदेश निघाला. तो अमलात आणणाऱ्या समितीत गुलामगिरीविरोधी महासंघाचे अध्यक्ष जुआंव क्लाप यांचं नाव आहे. मालकांना वाचवायचं असतं तर या माणसाला कोण बोलावेल?

हेही सांगायला हवं की आदेशात भरपाईचा उल्लेखच नाही. तिथे देशाची अब्रू आणि नव्या नागरिकांशी बंधुभाव अशी भाषा आहे. भरपाईचा हेतू आपण तारखांवरून लावतो. मला तो पटतो, पण तो निष्कर्ष आहे, कबुलीजबाब नव्हे.

आता ‘सगळे कागद’. आदेश होता अर्थखात्याच्या कचेऱ्यांतल्या दप्तरापुरता: गुलामांच्या नोंदी, गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या स्वतंत्र मुलांच्या नोंदी, साठी उलटल्यामुळे सुटलेल्यांच्या नोंदी. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, नोटरींकडची खरेदीखतं आणि मुक्तिपत्रं, न्यायालयांतले खटले, वारसाहक्काच्या याद्या यांना या आदेशाचा हातच लागत नव्हता. या याद्यांना जोडलेल्या नोंदणीच्या नकला तर आजही अभ्यासक वापरतात. १८७२ ची जनगणनाही शाबूत आहे. ब्राझीलच्या गुलामगिरीवर आज जे प्रचंड संशोधन उभं आहे, ते राखेतून उभं राहिलेलं नाही.

‘त्याने जाळले’ हेही अर्धवट. जानेवारी १८९१ मध्ये बार्बोझा पदावरून गेले होते. रिओत कागद जाळले गेले ते १३ मे १८९१ ला, म्हणजे तेव्हा खुर्चीवर दुसरा मंत्री होता. अर्थात आदेश त्यांचा, म्हणून जबाबदारी टळत नाही.

नुकसान झालं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. देशभरच्या शेवटच्या पिढीतल्या गुलामांची नावं, वयं, आईबापांची नावं एकाच खात्याच्या दप्तरात होती. ती राहिली असती, तर पणजोबांचा शोध घेणाऱ्या माणसाला गावोगावची चर्च आणि कचेऱ्या धुंडाळाव्या लागल्या नसत्या. तिजोरी वाचवायला दावेच कायद्याने बाद करता आले असते, वह्या जाळायची गरज नव्हती.

बार्बोझांवर तोफ डागायचीच असेल, तर जानेवारी १८९० च्या बँकांच्या फर्मानावर डागा. खासगी बँकांना नोटा काढायची मुभा मिळाली, कागदी कंपन्यांचं पीक आलं, सट्टा चढला आणि महागाई सामान्यांच्या गळ्यात पडली. त्याचं श्रेय मात्र बरंचसं त्यांचंच आहे.