मावशी, तो पाव आधी फेकून दे

परवा मावशीकडे गेलो तर ओट्यावर, मिठाच्या बरणीमागे एक स्टीलचा डबा. आत ओल्या फडक्यात पावाचा तुकडा, त्यावर हिरवट-काळी लव. "पेनिसिलीन करतेय," म्हणाली. दाढेला पू झाला म्हणून डेंटिस्टने पाच दिवसांचं अमॉक्सिसिलिन दिलं होतं, ते दुसऱ्याच दिवशी बंद. कारण भिशीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड: अँटिबायोटिकमध्ये कंपन्या 'चौकोनी रिंगचं केमिकल' घालतात, निसर्गात अशी रिंग नसते, ती शरीरात फुटून कॅन्सर करते, त्यापेक्षा आजीबाईंसारखी पावावरची बुरशी खा. (कुठल्या आजीबाई रोज पाव आणत होत्या, देव जाणे.)

मी पोटापाण्यासाठी प्रयोगशाळेत अणूंच्या अशाच लहान रिंगा बनवतो, त्यामुळे गप्प बसवेना.

निसर्गात नसते? पेनिसिलीनच्या रेणूत चार अणूंची, म्हणजे चौकोनीच, बीटा-लॅक्टम रिंग आहे, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी 1945 मध्ये क्ष-किरणांनी स्फटिक तपासून दाखवलं. रॉबर्ट रॉबिन्सनसारख्या बड्या रसायनज्ञाचा त्यावर विश्वास नव्हता. एवढी ताणलेली रिंग टिकेलच कशी? पण ती होती, आणि बुरशीनेच बनवलेली होती. अशी रिंग जर्मन रसायनज्ञ स्टॉडिंगरने प्रयोगशाळेत 1907 मध्येच केली होती, पण बुरशीही तेच करते याचा तेव्हा कुणाला पत्ता नव्हता. पुढे रसायनज्ञ शीहानने अमेरिकेतल्या एमआयटीत 'पेनिसिलीन-व्ही' हा प्रकार पूर्णपणे रसायनांपासून बनवलं ते 1957 साली, कित्येक वर्षं घासून. तरी कारखान्यांनी ती रीत उचलली नाही, कारण बुरशी ते स्वस्तात करते. 1955 पासून आपल्या पिंपरीतल्या सरकारी कारखान्यातही पेनिसिलीन बुरशीकडूनच करून घेतलं गेलं. अमॉक्सिसिलिनचा गाभाही बुरशीचाच. त्याची बाजूची साखळी तेवढी बदलतात, म्हणून ते पोटातल्या आम्लात टिकतं. साधं 'पेनिसिलीन-जी' तिथे बरंचसं नासतं.

फुटते? फुटते की! तेच तिचं काम. रिंगेतले कोन नव्वद अंशांच्या आसपास दाबलेले, त्यामुळे ती उघडायला टपलेलीच असते. जंतूची भिंत विणणाऱ्या एन्झाइमवर ती उघडते आणि तिथेच चिकटून बसते. भिंत अर्धवट राहते, जंतू मरतो. आपल्या पेशींना ती भिंतच नाही.

कॅन्सरचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. सिरिंज निर्जंतुक करायचा इथिलीन ऑक्साइड वायू म्हणजे तीन अणूंची रिंग, आणि तो माणसात कॅन्सर करतो. ॲझिरिडिन या तसल्याच तीन अणूंच्या रिंगेला आम्ही फ्यूम हूडबाहेर (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर) हातही लावत नाही. पण लघवीच्या संसर्गावरच्या फॉस्फोमायसिनमध्येही तीन अणूंचीच रिंग आहे. संधिवातावरच्या बॅरिसिटिनिबमधली नायट्रोजनची चौकोनी रिंग तर फुटण्यासाठी नाहीच, नुसता सांगाडा आहे. रिंग रेणूत कशाशी जोडली आहे, ते बघायचं असतं.

आता त्या पावाबद्दल. लव पेनिसिलीनवाल्या पेनिसिलियम बुरशीची आहे की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवणाऱ्या ॲस्परजिलस बुरशीची, हे डोळ्यांनी कळत नाही. आणि अफ्लाटॉक्सिन यकृतात गेल्यावर काय होतं? त्यावर तीन अणूंची रिंग तयार होते, ती डीएनएला चिकटते आणि यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. ज्या रिंगेच्या भीतीने गोळी सोडली, तसलीच घरात पिकवायची!

शिवाय ताकद किती? 1941 मध्ये ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलीन दिलं. शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या बेडपॅनमध्येसुद्धा बुरशी वाढवून ते गोळा केलेलं. तो सुधारायला लागला आणि साठा संपत आला. त्याच्या लघवीतून पेनिसिलीन परत काढून त्यालाच टोचलं, तरी पुरलं नाही, तो गेला. आणि इथे पावाचा एक तुकडा दाढ बरी करणार.

उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं, ते मावशीसमोरच डेंटिस्टला फोन करून विचारलं. फडक्यासकट पाव मी फेकला. डबा मात्र ती टाकू देत नाहीये, म्हणते सोड्याने घासते.