शिक्षकांच्या उन्हाळी सुट्टीविषयीचे तीन गैरसमज

दरवर्षी १ मेला निकाल वाटून झाले की एक संदेश फिरू लागतो: शिक्षकांना दीड महिना फुकट पगार मिळतो, शाळा बंद होताच त्यांची मुलांची काळजी संपते आणि सुट्टीत उदास वाटते असे म्हणणारे शिक्षक निव्वळ नखरे करतात.

यातला पगाराचा मुद्दा चटकन निकाली निघतो. शिक्षकांना दीर्घ सुट्टी आहे म्हणूनच इतर सरकारी कर्मचाऱ्यांइतकी अर्जित रजा, म्हणजे नोकरीच्या काळात साठत जाणारी पगारी रजा, मिळत नाही. शिवाय शिक्षण हक्क कायद्यानेच जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे त्यांच्याकडे ठेवली आहेत. २०२४ साली महाराष्ट्रात लोकसभेचे मतदान २० मेपर्यंत, म्हणजे ऐन सुट्टीत चालले होते.

काळजी संपते, हे विधान मात्र मला सर्वांत अन्यायकारक वाटते. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत पहिलीला हात धरून अक्षर गिरवून घेणारी बाईच पुष्कळदा चौथीनंतर त्याच मुलाचा दाखला लिहिते, जनरल रजिस्टरात त्याच्या नावापुढे शाळा सोडल्याची तारीख आणि कारण भरते, आणि दुसऱ्या दिवसापासून ते मूल तिच्या हजेरीपटावर नसते. बीडसारख्या जिल्ह्यात तर भर लग्नसराईत सुट्टी येते, तेव्हा सातवी-आठवीतली हुशार मुलगी जूनमध्ये वर्गात दिसेल ना, की तोवर तिचे लग्न लावून दिलेले असेल, ही धास्ती शिक्षकांच्या मनातून जात नाही. त्यातच बदल्यांच्या याद्या बहुधा याच काळात लागत असल्याने आपण स्वतः त्या शाळेत परत जाऊ की नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते.

राहिला नखऱ्यांचा आरोप. वर्षभर घंटेच्या ठोक्यावर चाललेले, एकाच वेळी तीस-चाळीस मुलांकडे लक्ष ठेवणारे मन एका दिवसात सैल पडत नाही. परिपाठाच्या वेळी उगाच घाई वाटणे, क्षुल्लक गोष्टीवरून चिडणे किंवा पहिले काही दिवस कशातच रस न वाटणे हे त्या ताणाचेच उतरते रूप आहे. शिक्षिकांना तर तेवढी उसंतही मिळत नाही, कारण कुरडया-पापडांपासून पाहुण्यांपर्यंत घरातले सारे काही ‘तुला सुट्टीच आहे ना’ म्हणून त्यांच्यावर येते. सुट्टीचा पहिला आठवडा घरच्यांनी त्यांच्यावर नवी कामे टाकू नयेत आणि कार्यालयांनी शाळेच्या ग्रुपवर ‘तातडीने माहिती भरा’ असे निरोप पाठवू नयेत, एवढी मागणी करण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.