‘न्यूगटरी’ला ‘फोल’ का म्हटलं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन आहेत. ‘न्यूगटरी’ (nugatory) या इंग्रजी शब्दाचा सरळ अर्थ ‘क्षुल्लक’ असताना मी ‘फोल’ हा अर्थ ओढूनताणून आणला, हा पहिला. आणि शब्द उघडउघड इंग्रजी ‘निगेट’चा (negate) भाऊबंद असताना लॅटिनमध्ये वेगळं मूळ शोधायची गरज नव्हती, हा दुसरा.

दुसरा आधी घेऊ, कारण तो लवकर मिटतो. दोन्ही शब्दांत न आणि ग आहेत, पण घराणी वेगळी. ‘निगेट’ आला ‘नेगारे’ म्हणजे नाकारणे या क्रियापदावरून. ‘न्यूगटरी’च्या मुळाशी आहे ‘नूगाए’ : पोरखेळ, थट्टामस्करी, किरकोळ गोष्टी. त्यावरून ‘नूगारी’ म्हणजे पोरखेळ करणे, पुढे ‘नूगातोरियुस’ हे विशेषण, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ते इंग्रजीत आलं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन कवी कातुल्लुस आपला संग्रह कोर्नेलियुस नेपोस या लेखकाला अर्पण करताना स्वतःच्या कवितांना ‘नूगाए’च म्हणतो. तिथे नकाराचा मागमूस नाही, विनय आहे. (नुगट या मिठाईशीही संबंध जोडू नका, ती ‘नुक्स’ म्हणजे कवचाच्या फळावरून आली.)

आता ‘क्षुल्लक’. हा अर्थ खराच आहे, पण एकटा नाही. दुसरा अर्थ आहे ‘ज्याचा काही परिणाम उरला नाही असा’, आणि कायद्याच्या व हिशेबाच्या भाषेत तोच चालतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधल्या आदेश 41, नियम 5 प्रमाणे नुसतं अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती मिळत नाही; ती वेगळी मागावी लागते. समजा, घर पाडण्याचा हुकूमनामा आहे, स्थगिती मिळाली नाही आणि सुनावणीआधीच घर पाडलं. मग अपील जिंकूनही घर उभं राहत नाही. म्हणून वकील अर्जात लिहितो की स्थगिती न दिल्यास अपील ‘न्यूगटरी’ होईल. इथे ‘अपील क्षुल्लक होईल’ असं भाषांतर केलं तर अर्थच हरवतो. अपिलातला मुद्दा मोठाच असतो, फक्त त्याचं फळ हाती लागत नाही.

लेखापरीक्षणात घोटाळा याहून मोठा. तिथे ‘न्यूगटरी एक्स्पेंडिचर’ म्हणजे ज्यातून काहीच पदरात पडलं नाही असा खर्च. यंत्र घेतलं, पण ते बसवायला जागाच नव्हती, तर ते कोट्यवधी रुपयेही न्यूगटरी. त्याला ‘क्षुल्लक खर्च’ म्हणणं म्हणजे लेखापरीक्षकाच्या आक्षेपाचं उलटंच करून ठेवणं.

म्हणून ‘फोल’. दाणा नसलेलं टरफल ते फोल. ‘प्रयत्न फोल ठरले’ म्हणताना आपण प्रयत्नांची किंमत करत नाही, निष्पत्ती नाही एवढंच सांगतो. इंग्रजीतली ‘रेंडर्ड न्यूगटरी’ ही जोडी नेमकी याच जागी बसते. दस्तऐवजी मराठीत ‘निष्फळ’ किंवा ‘व्यर्थ’ लिहा, तेही अचूक.

भाषांतर करताना वाक्याला विचारा : इथे किंमत मोजली आहे की परिणाम? किंमत असेल तर क्षुल्लक, परिणाम असेल तर फोल. तुम्ही दिलेल्या ‘न्यूगटरी रिमार्क’ या उदाहरणात किंमतच मोजली आहे, तेव्हा तिथे ‘क्षुल्लक शेरा’ हे तुमचंच भाषांतर बरोबर.