हप्ता भाडेकरू भरत नाही

‘पहिल्या घरावर टॉप-अप कर्ज काढा, दुसरा फ्लॅट घ्या आणि भाड्याने द्या, हप्ता भाडेकरू भरेल, प्राप्तिकर वाचेल आणि पाच वर्षांत किंमत दुप्पट होईल,’ असा सल्ला देणारा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. एरवी मी त्याकडे दुर्लक्ष केले असते. पण पुण्याच्या खराडीत आयटी कंपनीत नोकरी करणारा माझा चुलतभाऊ त्याच्या भरवशावर वाघोलीत दुसरा फ्लॅट घ्यायला निघाला आहे आणि त्यापायी काकांच्या निवृत्तीच्या पैशांना हात लागणार आहे.

हप्त्याचे गणित तरी आधी कागदावर मांडायला हवे होते. ७५ लाखांच्या फ्लॅटला बँक ८० टक्के, म्हणजे ६० लाख कर्ज देते. उरलेले १५ लाख, पुणे महापालिका हद्दीतले ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी शुल्क मिळून साडेवीस लाख खिशातून जातात. व्याजदर ८ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली, तर महिन्याचा हप्ता ५० हजारांच्या थोडा वर जातो. भाडे २२ हजार मिळेल असे धरू. करार संपून नवा भाडेकरू येईपर्यंत वर्षातला एक महिना रिकामा जातोच, शिवाय सोसायटीचा देखभाल खर्च आणि मालमत्ता कर मालकाच्याच माथी असतो. हे सगळे वजा केल्यावर वर्षाला दोन लाखही हाती राहत नाहीत आणि पहिल्या वर्षाचे नुसते व्याजच पावणेपाच लाखांच्या घरात असते. भाडेकरू हप्ता भरतो हे म्हणणे दूरच राहिले, त्याच्या भाड्यातून निम्मे व्याजही सुटत नाही.

या संदेशातला सर्वांत घातक सल्ला आहे तो टॉप-अपचा, म्हणजे चालू गृहकर्जावरच आणखी कर्ज काढण्याचा. साडेवीस लाखांपैकी निम्मी रक्कम चुलतभाऊ राहत्या घरावर कर्ज काढून उभी करणार आहे. म्हणजे गुंतवणूक वाघोलीत आणि तारण मात्र जिथे त्याची मुले झोपतात ते घर. हप्ते ९० दिवस थकले की बँकेच्या लेखी खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते आणि थकीत कर्जाच्या वसुलीसाठीच्या २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार ६० दिवसांची नोटीस देऊन बँक तारण मालमत्तेचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. खराडी-वाघोली पट्ट्यातला भाडेकरू बहुधा आयटीतलाच असतो आणि त्याचा घरमालकही पुष्कळदा त्याच क्षेत्रात नोकरी करतो, ही गोष्ट तर कोणी लक्षातच घेत नाही. त्या क्षेत्राला फटका बसला, की मालकाचा पगार आणि फ्लॅटचे भाडे एकाच वेळी थांबण्याची भीती असते. २०२० मध्ये घरून काम सुरू होताच आयटी पट्ट्यातले भाडेकरू सामान बांधून गावी गेले आणि फ्लॅट कुलूपबंद पडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना तीन महिने भाडेवसुली लांबणीवर टाकण्यास सांगितले होते. कर्जाचे हप्ते लांबणीवर टाकण्याची सवलत रिझर्व्ह बँकेनेही दिली खरी, पण त्या काळात व्याज चढतच होते.

करबचतीचा दावा जुन्या काळातला आहे. भाड्याच्या घरावरचा तोटा, म्हणजे भाड्याहून जास्त गेलेले व्याज, पगाराच्या उत्पन्नातून वजा करण्याची सोय जुन्या करप्रणालीत वर्षाला दोन लाखांपुरतीच आहे आणि नव्या प्रणालीत ती मुळीच नाही. चुलतभाऊ नव्या प्रणालीत आहे. जुलै २०२४ नंतर घेतलेले घर पुढे विकताना नफ्यावरचा कर कमी व्हावा म्हणून महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याचा लाभही मिळणार नाही.

पाच वर्षांत किंमत दुप्पट व्हायची, तर ती दरवर्षी जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढायला हवी. रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय घरकिंमत निर्देशांकाची वाढ २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन वर्षांत ३ ते ५ टक्क्यांच्या आसपास राहिली. ४ टक्क्यांनी दुप्पट व्हायला अठरा वर्षे लागतात आणि तोवर इमारतही तितकीच जुनी होते. एखाद्या वस्तीत भाव याहून वेगाने चढतात हे खरे, पण ती वस्ती कोणती हे आधी कळत नाही.

एवढे मात्र मान्य करावे लागेल, की ज्याच्याकडे कर्जाविना पुरेसे पैसे आहेत आणि ज्याला दोन-अडीच टक्के निव्वळ भाडे चालते, त्याने घर घ्यायला हरकत नाही. हप्त्याच्या धाकाने बचत होते, हेही खोटे नाही. चुलतभावाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्यापुढे दरमहा पदरचे तीस हजारांहून अधिक घालण्याचा प्रश्न आहे आणि त्याचा पगार पुढची वीस वर्षे असाच चालू राहील याची हमी कोणीही देऊ शकत नाही. काकांचे त्यात जाणारे दहा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला साडेवीस हजार रुपये थेट त्यांच्या खात्यात जमा होतील. त्यांच्या औषधांचा आणि घरखर्चाचा मोठा भाग त्यातून भागेल आणि त्यासाठी त्यांना कोणाकडे हात पसरावा लागणार नाही.