एकत्र बसवा, एकत्र शिकवू नका

अभिनंदन! महाविद्यालयाच्या आंतरविद्याशाखीय अध्यापन कार्यक्रमाच्या समन्वयकपदी तुमची वर्णी लागली आहे. तुम्ही ते मागितले नव्हते, ठाऊक आहे. डीनसाहेबांनी मान वर केली तेव्हा केबिनमध्ये तुम्हीच सर्वांत कनिष्ठ होतात, एवढीच तुमची पात्रता. घाबरू नका. हे काम न करता पार पाडायची पद्धत आता चांगली रुळली आहे.

आधी व्याख्या पाठ करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 च्या आराखड्यानुसार दोन किंवा अधिक व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकायचे असते. हे पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत टाका आणि मनात नीट वाटणी करा. ‘सोबत’ निरुपद्रवी आहे, त्याला फक्त मोठा हॉल लागतो. ‘बद्दल’ एका पीपीटीत उरकते. सांभाळायचे ते ‘कडून’. एमबीबीएसचा मुलगा नर्सिंगच्या मुलीकडून काही शिकला, तर उद्या राउंडला कोणी कोणाच्या मागे चालायचे हाच प्रश्न उभा राहील. कार्यक्रमाची सगळी रचना हे ‘कडून’ घडू नये अशी करा.

सुरुवात समितीपासून. सदस्य मेडिसिन, सर्जरी, पीएसएम म्हणजे सामुदायिक वैद्यक विभागाचे. नर्सिंग, फिजिओथेरपी आणि दंत महाविद्यालयांचे प्राचार्य ‘निमंत्रित’. निमंत्रिताला चहा मिळतो, मत नसते. बैठकीचे पत्र त्याच दिवशी सकाळी पाठवा. ‘मॅडम मुलींना घेऊन वॉर्डात गेल्यात’ असे उत्तर आले की मिनिट्समध्ये ‘अनुपस्थित’ लिहा आणि पुढच्या विषयाकडे वळा.

वेळापत्रकाची काळजी तुम्ही करूच नका, ती तुमच्यासाठी आधीच कोणीतरी केली आहे. राज्यातले वैद्यक, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी हे सगळे 1998 पासून नाशिकच्या एकाच आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत खरे, पण प्रत्येकाची दिल्लीतली नियामक संस्था वेगळी. नर्सिंग परिषद 1947 च्या कायद्यातली, वैद्यकाचा आयोग 2020 मध्ये आला, फिजिओथेरपीसारख्या व्यवसायांच्या आयोगाचा कायदा 2021 चा. एमबीबीएस प्रोफेशनल वर्षांवर चालते, बीएस्सी नर्सिंग सेमिस्टरवर. एकाची टर्म एंड असते तेव्हा दुसऱ्याची पोस्टिंग. तेव्हा कोणी ‘सर, हे नियमित का होत नाही?’ असे विचारलेच, तर दोन्ही हात वर करून ‘कौन्सिल’ एवढाच शब्द उच्चारा. मग शनिवारी दुपारी तीन ते चार हा तास द्या. त्या तासावर अजून कोणी हक्क सांगितल्याचे ऐकिवात नाही.

हॉलमध्ये पांढरे एप्रन पुढे, फिजिओ मधे, नर्सिंगच्या मुली मागे, दाराजवळ. त्यांची चारची ड्यूटी असते, पळायला बरे. एखादा उत्साही ‘सहा-सहांचे मिश्र गट करू या’ म्हणाला तर खेदाने सांगा, ‘बेंच फिक्स आहेत हो.’

केस पक्षाघाताची घ्या. आजोबा, उजवा हात-पाय गेलेला, बोलणे अस्पष्ट. पहिली चाळीस मिनिटे रक्ताची गाठ मेंदूच्या कुठल्या धमनीत, सीटीत काय दिसते आणि गाठ विरघळवायचे इंजेक्शन साडेचार तासांत कसे द्यायचे यावर घालवा. महत्त्वाचेच आहे ते. धोका त्यानंतर सुरू होतो. मागच्या रांगेतून हात वर येतो: ‘सर, पाणी द्यायच्या आधी त्यांना नीट गिळता येतंय का ते बघायला हवं ना?’ बरोबर आहे तिचे. अशा रुग्णाच्या घशातले पाणी फुप्फुसात उतरते, न्यूमोनिया होतो आणि धमनीचे अचूक निदान झालेला माणूस त्या पेलाभर पाण्याने जातो. पण तुम्ही म्हणा, ‘गुड, ते नंतर मॅनेजमेंटमध्ये येईल. आधी लीजन, म्हणजे मेंदूत इजा नेमकी कुठे, ते सांगा.’ फिजिओचा मुलगा तोंड उघडायच्या बेतात असेल. त्याला सांगायचे असते की उठवून बसवताना लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. रोज नातेवाईक तेच करतात आणि वॉर्डातले कोणी टोकत नाही. त्याच्याकडे बघून घड्याळ बघा. दर दोन तासांनी कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता आणि नळीतून काय भरवायचे हे सगळे शेवटच्या स्लाइडवर ‘सपोर्टिव्ह केअर’ या दोन शब्दांत आटपते. चार वाजलेले असतात.

संवादकौशल्याची चिंता नको. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवादाचे एटकॉम आलेले आहे. त्यातल्या नाटुकल्यात डॉक्टर होतो एमबीबीएसचा विद्यार्थी, रुग्ण होतो दुसरा विद्यार्थी आणि सिस्टर होते त्यांचीच वर्गमैत्रीण, डोक्याला रुमाल बांधून. खरे नर्सिंग कॉलेज कंपाउंडच्या पलीकडेच आहे. त्यांना बोलावू नका. सिस्टरचे संवाद त्या बदलून टाकतील.

कोणी स्वीडनचे नाव काढेल. लिनशॉपिंग विद्यापीठात 1986 पासून आरोग्यशाखांचे विद्यार्थी एकत्र सुरुवात करतात आणि 1996 पासून तिथे एक प्रशिक्षण वॉर्डच वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी मिळून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली चालवतात. खाटेवरचा रुग्ण खरा, जबाबदारी खरी. हे ऐकताना आदराने मान डोलवा आणि म्हणा, ‘तिकडे पेशंट लोड कमी असतो.’ आपल्याकडे रुग्ण जास्त असल्यामुळे माणसांनी मिळून काम करायची गरज कमी भासते, हा तर्क आजवर कोणी खोडलेला नाही.

मूल्यमापन हवेच. त्यात एकच पथ्य पाळा, गुण ठेवू नका. गुण ठेवले की मुले अभ्यास करतात. सुरुवातीला आणि शेवटी पाच-पाच प्रश्न द्या, तेच प्रश्न, त्याच क्रमाने. ज्ञानात वाढ झालेली दिसेल आणि एक शोधनिबंधही निघेल. त्यात नर्सिंगच्या मॅडमचे नाव सहाव्या क्रमांकावर घ्या. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकसाठी जिओटॅग केलेला, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो लागतो. त्या एका मिनिटापुरते मागच्या मुलींना पुढे बोलवा, सगळे गणवेश सरमिसळ उभे करा, हसायला सांगा.

एवढे करूनही कुठेतरी गळती होतेच. एखादा इंटर्न रात्रपाळीला सिस्टरला विचारून बसेल, ‘तुम्हाला काय वाटतं, आजोबांना आज तोंडाने द्यावं का?’ आणि ती चमचाभर पाणी देऊन, गिळताना घसा कसा हलतो, ठसका लागतो का, आवाज ओलसर होतो का, ते त्याला दाखवेल. असे कानावर आले तर लगेच वर्षाच्या अहवालात ‘उद्दिष्टपूर्ती’ म्हणून नोंदवा. फक्त ते शनिवारच्या सत्रामुळे झाले असे लिहायला विसरू नका.